दोन जागांची मोटार

बी. ए. भाग २

गेल्या दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हाती आले आणि माझ्या दादाने जुनी मोटारसायकल घ्यायचे ठरवले. सेलूला दोन गाड्या पाहून ठेवल्या होत्या. एक शंभर सी.सी.ची, दुसरी दीडशेची. त्यावर हिंगणीत तीन दिवस खल चालला. जो तो आकडे घेऊन येई. इंजिन कितीचे, लिटरमागे किती देते, पळते किती. आमच्या बाबांनी मात्र एकही आकडा विचारला नाही. बाबा उमेदीच्या काळात शंकरपटात छकडा हाकीत. धुरकरी म्हणून आसपासची चार गावे त्यांना ओळखतात. ते दादाच्या मागे बसून दोन्ही गाड्यांवर एकेक फेरी मारून आले आणि लहान गाडी घे म्हणाले. कारण काय, तर ती हाताचे ऐकते. पटात जोडीची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, त्या मैदानात वाढलेल्या माणसाने असे बोलावे याचे मला नवल वाटले. दादाने मोठी घेतली.

त्याच दिवसांत इतिहासाच्या अभ्यासासाठी मी संस्थानांविषयी वाचत होते. वाचता वाचता इंदूरचे शेवटचे सत्ताधारी महाराज, दुसरे यशवंतराव होळकर, यांच्या चरित्रापाशी थांबले. थांबले ती त्यांच्या एका मोटारीमुळे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. राजेरजवाड्यांच्या मोटारींशी माझा संबंध कसला? पण सेलूच्या त्या दोन गाड्यांचा वाद डोक्यातून गेला नव्हता, आणि तोच वाद मला या राजाच्या आयुष्यात दिसू लागला. म्हणून हा लेख.

होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, धनगर घराण्यातले. मल्हाररावांनी तलवारीच्या बळावर माळव्यात राज्य उभे केले, अहिल्याबाईंनी ते प्रजेच्या मनात रुजवले. पहिल्या यशवंतरावांनी तर १८०४ मध्ये आपल्या घोडदळाच्या जोरावर इंग्रज फौजेला पळता भुई थोडी केली. पुढे १८१७ मध्ये महिदपूरची लढाई गेली, १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि सिंहासन राहिले तरी लगाम दुसऱ्याच्या हाती गेला. मध्य हिंदुस्थानचा इंग्रज एजंट इंदुरातच राहू लागला. राजाच्या राजधानीत राजावर नजर ठेवणारा माणूस!

आपले यशवंतराव ६ सप्टेंबर १९०८ रोजी जन्मले. ज्यांनी इंग्रजांना पळवले त्यांचे नाव मुलाला मिळाले, पण शिक्षणासाठी त्याला इंग्लंडलाच धाडण्यात आले. आधी चार्टरहाउस शाळा, नंतर ऑक्सफर्ड. १९२४ मध्ये कागलच्या घराण्यातील संयोगिताबाईंशी त्यांचे लग्न झाले. नवरदेव तेव्हा सोळाचेही नव्हते आणि नवरी तर त्यांच्याहून लहान.

आणि मग त्यांच्या आयुष्यात पहिली मोटार आली ती भलत्याच रीतीने. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीला मागून दुसऱ्या मोटारीने धडक दिली, माणसे उतरली आणि बावलांचा खून झाला. त्यांच्याबरोबर इंदूर दरबार सोडून आलेली मुमताज बेगम होती. तिला पळवून नेण्याचा हा बेत होता. गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी नेमके त्याच वेळी तिथे आले, म्हणून ती वाचली. धागेदोरे इंदूरपर्यंत पोचले. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांच्यापुढे सरकारने दोनच वाटा ठेवल्या, चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला, पण अज्ञान म्हणून कारभार दुसऱ्यांकडे राहिला. पूर्ण अधिकार हाती यायला १९३० साल उजाडले.

या तरुणाची आवड काही निराळीच होती. इतर संस्थानिक सोन्यारुप्याच्या अंबाऱ्या करीत, याने एकार्ट मुथेसियस या आपल्याहून चारच वर्षांनी मोठ्या जर्मन वास्तुशिल्पज्ञाला गाठले आणि इंदुरात माणिकबाग हा राजवाडा उभा केला. कमानी नाहीत, घुमट नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, पोलाद, काच, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात थंड हवा खेळवणारी यंत्रणा. पॅरिसच्या चित्रकाराने त्यांची दोन चित्रे केली, एक पाश्चात्य पोशाखातले आणि एक मराठेशाही पागोट्यातले. दोन्हींत ते सडपातळ, लांब बोटांचे आणि थोडे उदास दिसतात. ब्रांकुशी या शिल्पकाराचे अवकाशातील पक्ष्याचे शिल्प त्यांनी एक नव्हे तर तीन प्रतींत घेतले. एक पितळी झळाळीचे, एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या. त्या शिल्पात पंख नाहीत, चोच नाही. नुसते उडणे आहे. या शिल्पांसाठी इंदुरात एक मंदिर बांधायचे घाटत होते, ब्रांकुशी स्वतः येऊनही गेले, पण मंदिर काही झाले नाही.

आता मोटार. त्यांच्याकडे मोटारी पुष्कळ होत्या, पण मी लिहिते आहे ती ड्युसेनबर्गविषयी. फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे ड्युसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मले आणि अमेरिकेत वाढले. शर्यतीच्या गाड्या बांधता बांधता १९२१ मध्ये त्यांच्या गाडीने फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. पुढे ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने कंपनी विकत घेतली आणि जगात याहून मोठी नाही अशी गाडी करा म्हणून सांगितले. १९२८ च्या अखेरीस ती आली, तिचे नाव मॉडेल जे. आठ सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, इंजिन जवळजवळ सात लिटरचे, शक्ती २६५ अश्वशक्ती. हे आकडे ऐकून त्या काळच्या मोटारवाल्यांनी तोंडात बोटे घातली. १९३२ मध्ये इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा बसवून एस.जे. ही आवृत्ती निघाली. तिची शक्ती ३२० अश्वशक्ती, आणि दुसऱ्याच गिअरमध्ये ताशी शंभर मैलांच्या पुढे जाते हा कंपनीचा दावा. समोरच्या फळीवर वेगाचे घड्याळ ताशी १५० मैलांपर्यंतचे, शिवाय समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा आणि चक्क सेकंद मोजायचे घड्याळ. पटाचे घड्याळच म्हणा ना! तेल केव्हा बदलायचे, बॅटरीत पाणी केव्हा घालायचे हेही दिवे लावून गाडीच सांगे. ब्रेकला कोरडा रस्ता, पाऊस, हिम आणि बर्फ अशा चार अवस्थांसाठी वेगळा जोर लावता येई. (हिम आणि बर्फ! माळव्यात!) मॉडेल जे.च्या नुसत्या सांगाड्याची किंमत साडेनऊ हजार डॉलर होती, फोर्डची अख्खी गाडी त्या वेळी हजार डॉलरांच्या खूप आत मिळे. तीही कोणत्या काळात, तर मंदीच्या, जेव्हा अमेरिकेतच माणसे भाकरीसाठी रांगा लावीत होती.

आकड्यांत हिचा हात धरणारी दुसरी गाडी नव्हती. आणि गंमत पाहा, मंदीच्या वर्षांत याच कंपनीने ज्या जाहिराती केल्या त्यांत एकही आकडा नाही. गाडीचे चित्रसुद्धा नाही. एखादा गर्भश्रीमंत माणूस आपल्या दिवाणखान्यात किंवा नौकेवर आरामात बसलेला, आणि खाली एवढेच की तो ड्युसेनबर्ग चालवतो. विकणाऱ्यांना ठाऊक होते की आकड्यांनी माणूस दुकानापर्यंत येतो, पण घेतो ते दुसऱ्याच कशासाठी तरी.

त्याच काळात युरोपात मोटारींचा दुसरा पंथ होता. एत्तोरे बुगाटी यांची पस्तीस क्रमांकाची गाडी १९२४ ची. इंजिन दोन लिटरचे, शक्ती नव्वद अश्वशक्तीच्या आसपास, वजन सुमारे ७५० किलो. ड्युसेनबर्ग दोन टनांच्या वर. बुगाटीचे आकडे कागदावर लहान, पण ती हाकणारे सांगत की चाकाखालचा खडा हाताला कळतो आणि वळणावर मनात येताच गाडी वळते. मुंबईत तरुण जे. आर. डी. टाटा बुगाटी हाकीत, आणि भरधाव हाकल्याबद्दल एकदा त्यांना वकील शोधावा लागला. त्या वकिलाच्या भाचीशीच पुढे त्यांचे लग्न झाले, हे जाता जाता. आमच्या बाबांना विचारले असते तर त्यांनी बुगाटीकडे बोट दाखवले असते, यात मला शंका नाही.

मग यशवंतरावांनी ड्युसेनबर्ग का घेतली? पहिल्यांदा मी म्हटले, दादासारखेच, मोठा आकडा. राजाला सर्वांत मोठे तेच लागणार. पण पुढचा तपशील वाचला आणि मी अडखळले. इंडियानापोलिसहून त्यांनी एस.जे.चा लांबातला लांब सांगाडा मागवला. पुढच्यामागच्या चाकांतले अंतरच साडेएकशेत्रेपन्न इंच, म्हणजे जवळजवळ तेरा फूट. हा सांगाडा सातसात माणसे बसतील अशा प्रशस्त गाड्यांसाठी असे. त्यावरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी १९३५-३६ च्या सुमारास चढवला. एवढ्या मोठ्या गाडीत जागा किती? दोन.

मी त्यावर बराच वेळ विचार केला. ज्याला मिरवायचे असते तो मागे बसतो. पुढे चालक, मागे गादीवर महाराज, बाजूला दिवाण, ही राजाच्या मोटारीची रीत. आमच्या गावातही जीप घेतलेला मोठा माणूस स्वतः हाकीत नाही. हाकणारा पगारी असतो. दोन जागांची गाडी घेणाऱ्याला मागे जागाच ठेवायची नसते. त्याला चाक हातात हवे असते. ज्याच्या राज्यात एजंट, ज्याच्या अज्ञानपणी कारभार परक्यांचा, ज्याच्या वडिलांची गादी एका निरोपावर गेली, त्या सत्तावीस वर्षांच्या माणसाच्या हातात पूर्णपणे आपले असे काय होते? मला वाटते, हे एक चाक होते. ३२० हा आकडा त्याने विकत घेतला खरा, पण पैसे मोजले ते त्या चाकामागच्या जागेसाठी. कुणी म्हणेल हा माझा कल्पनाविलास आहे. असेल. गाडीच्या बांधणीतून मला एवढेच वाचता आले.

या गाडीबद्दल लिहिणारे आणखी एक गोष्ट सांगतात. तिच्या पुढच्या बाजूला एक तांबडा आणि एक निळा दिवा होता. तांबडा लागला की महाराज गाडी हाकीत आहेत, निळा लागला की राणीसाहेब. वाटेवरच्या पोलिसांना कळावे म्हणून ही योजना. तांबड्या दिव्याचे मला काही वाटले नाही. निळ्या दिव्याचे मात्र वाटले. नव्वद वर्षांपूर्वी कागलसारख्या गावच्या घराण्यातून आलेल्या सुनेच्या नावाचा दिवा मोटारीवर असतो, आणि आमच्याकडे अजून मुलीने गिअरची गाडी हाती घेतली की पारावरची माणसे बोलायची थांबतात.

कारण एव्हाना मीही शिकू लागले होते. महाविद्यालयाला मी एस.टी.ने येते, बस चुकली तर तास बुडतो. दादाने आधी नाही म्हटले, मग एका सकाळी गाडी बोर धरणाच्या रस्त्याला काढून दिली. तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. गाव सुटले की सागाची झाडे जवळ येत जातात आणि पुढे जंगल, वाघाचे. मोठ्या गाडीचे वजन मला पेलेना. क्लच सोडला की ती पुढे उसळे आणि वळणावर ऐकेना. दहा दिवस मी घाबरत होते. अकराव्या दिवशी की कधी, तिसऱ्या गिअरमध्ये ती एकदम शांत झाली, वळण आले आणि मी काही केल्याचे आठवत नाही, पण आम्ही दोघी वळलो. वेग किती होता म्हणाल तर सांगता येणार नाही. वेगाच्या काट्याची केबल गाडी घेतली तेव्हापासून तुटलेली आहे.

पुन्हा इंदूरकडे जाते. १९३७ मध्ये संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. पंचविशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी ड्युसेनबर्ग कंपनीही बंद पडली. फ्रेड तर १९३२ मध्येच, आपलीच गाडी चालवताना झालेल्या अपघातानंतर, गेले होते. यशवंतरावांनी पुढे दोन लग्ने केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी, आणि त्यांचा बराच काळ परदेशी जाऊ लागला. इथे मला त्यांच्यावर रागही येतो. राजा मोटारीचे चाक स्वतः धरतो, पण राज्याचे चाक सोडून वर्षावर्षाने सातासमुद्रापार राहतो, हे कसे? सांगाड्याचे हजारो डॉलर आणि वरचा साज, हे माळव्यातल्या कापसाच्या आणि गव्हाच्या शेताचेच पैसे होते. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, मला हे विसरता येत नाही.

पण रागावून बाजूला व्हावे इतके ते सोपे नाही. १९३८ मध्ये त्यांच्या संस्थानाने मंदिरे अस्पृश्य मानलेल्यांना खुली केली. आपल्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये खुले केले होते, तेव्हा केवढी खळबळ झाली हे या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. इंग्रजांच्या छायेतल्या राजाने असे करणे ही लहान गोष्ट नव्हती. उलट १९४७ मध्ये सामीलनाम्यावर सही करायला मात्र त्यांनी शेवटपर्यंत वेळ लावला. वळणावर कधी लवकर, कधी उशिरा.

आणि क्रिकेट. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये तुकोजीरावांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले होते. यशवंतरावांच्या काळात होळकरांचा संघ देशात पहिल्या रांगेत आला. १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत रणजी करंडक चार वेळा त्यांनी जिंकला. पहिल्या वेळी म्हैसूरविरुद्ध एका डावात आठ बाद ९१२ धावा, आणि त्या डावात सहा जणांची शतके! आकडेच पाहायचे तर याहून मोठे कुठे सापडणार? पण त्या संघाविषयी जुनी माणसे बोलतात ती मुश्ताक अलींच्या चालीविषयी. गोलंदाजाच्या दिशेने चार पावले पुढे येऊन चेंडू टोलवण्याच्या त्यांच्या ढंगाविषयी. ९१२ कुणाच्या लक्षात असतो? मला तो पुस्तकात पाहावा लागला.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ स्थापन झाला. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख झाले, होळकर उपराजप्रमुख. शिंदे पहिले आणि होळकर दुसरे, हा दीडशे वर्षांचा जुना हिशेब अशा रीतीने मिटला. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि तेही पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. १९८० मध्ये माणिकबागेतले सामान मोनॅकोत लिलावात निघाले. त्या खुर्च्या, ते दिवे जगभर पांगले. राजवाड्यात केंद्रीय अबकारी खात्याची कचेरी थाटली गेली. ज्या घरात काटकोनांचेही सौंदर्य शोधले जात होते तिथे कराचे आकडे मांडले जाऊ लागले.

ती मोटार मात्र टिकली. संग्राहकांच्या हातून हातात जात राहिली. तिच्याविषयी जिथे जिथे लिहिलेले असते तिथे पहिल्याच ओळीत ३२० हा आकडा असतो, आणि दोन दिव्यांची गोष्ट कुठेतरी खाली.

बाबांना मी हे सारे एका रात्री जेवताना सांगितले. त्यांनी दोन जागांचे ऐकून मान हलवली, पण त्यांना वेगळेच विचारायचे होते. एवढी लांब गाडी वळते कशी, आणि वळवायला जागा किती लागते? मला उत्तर देता आले नाही. दादा म्हणाला, छकड्याला लागते तेवढी तर नक्कीच. त्यावर दोघांचे बराच वेळ चालले होते. केबल अजून बसवलेली नाही.